आमची वाटचाल: कूलर, कंट्रोलर आणि बॅटरीची खुर्ची

आमचं मूळ दुकान नागपूरच्या महाल भागातलं, कूलरचं. मार्च लागला की बाबा ताट्या बदलून द्यायचे, पंप आणि मोटरी दुरुस्त करायचे, आणि पावसाळा सुरू झाला की गिऱ्हाईक गायब. मी आयटीआय करून त्याच दुकानात बसलो. पुढे ई-रिक्षाचे कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचा करंट मोटरला बेताने सोडणारे डबे, दुरुस्तीला यायला लागले आणि मे महिन्यात जेवढे जळून येतात तेवढे हिवाळ्यात येत नाहीत हे लवकरच ध्यानात आलं. उघडलं की बहुतेक वेळा तेच, मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा भाग, उडालेला, आणि त्याच्या अन् हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याच्या, मधली पांढरी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. दोन धातू डोळ्याला कितीही सपाट दिसले तरी मधे बारीक फटी राहतातच, त्यात हवा असते, आणि अॅल्युमिनियमच्या मानाने हवा उष्णता हजारो पटीने कमी वाहून नेते. पेस्ट त्या फटी भरते. ती सुकली की उष्णता अडकली.

आणि नागपूरचं ऊन तर माहितच आहे, २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. बाहेर एवढं, तर सीटखालच्या काळ्या बंद डब्यात काय होत असेल विचार करा.

बॅटरीच्या व्हीलचेअरकडे आम्ही वळलो ते एका काकूंमुळे. त्यांची खुर्ची भर दुपारी व्हरायटी चौकात रस्त्याच्या मधोमध बंद पडली. कंट्रोलर तापला म्हणून त्याने स्वतःला वाचवायला सगळं बंद केलं, आणि अशा खुर्चीत करंट गेला की मोटरचा ब्रेक आपोआप लागतो, उतारावर घसरू नये म्हणून ते बरोबरच आहे, पण ढकलायला गेलं तर चाक फिरत नाही. चार जणांनी खुर्ची उचलून बाजूला नेली. त्यांचा मुलगा खुर्ची दुकानात घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, बिघाड काढून द्या एवढंच नाही, आई आता बाहेर निघायलाच तयार नाही, त्याचं काहीतरी करा."

ते ऐकून मला रात्री झोप आली नाही. मशीन वाचलं आणि माणूस भर रस्त्यात अडकला, असं कसं चालेल? म्हणून ठरवलं, आपला कंट्रोलर तापला तर हळू होईल पण बंद पडणार नाही. करंट अर्धा केला की मॉसफेटमधे आणि तारेत तयार होणारी उष्णता पावपट होते, आणि सपाट रस्त्यावर रांगत का होईना चालायला अर्धा करंट पुरतो. हीटसिंकला काही रुपयांचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा सेन्सर, लावला, ७० डिग्रीपासून वेग थोडा थोडा कमी, सोबत जॉयस्टिकवर बीप, म्हणजे सावली गाठायला वेळ मिळतो.

पण उष्णता घालवायची कुठे? आधी पंखा लावला, एका उन्हाळ्यात धूळ आणि केसांनी जाम झाला. मग खुर्चीच्या अॅल्युमिनियमच्या पाइपलाच हीटसिंक केलं, आम्हाला वाटलं जमलं. आणि इथे आमच्याकडून मोठी चूक झाली. मणक्याला मार लागलेले एक दादा ती खुर्ची ट्रायलला वापरत होते, पायाला संवेदना नव्हती, पोटरी दिवसभर त्या गरम पाइपला टेकून राहिली, आणि भाजलंय हे रात्री कपडे बदलताना दिसलं. जखम भरायला कितीतरी आठवडे गेले. त्यांनी आम्हाला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, पण मी तो डाग बघितलाय. तेव्हापासून अंगाला लागू शकेल असा कुठलाच भाग गरम होऊ द्यायचा नाही, आणि तपासताना पोरं हाताने नाही, थर्मामीटर लावून बघतात.

मार्ग सापडला तो हीट पाइपमधे. लॅपटॉपमधे असते तशी तांब्याची बंद नळी, आत थोडंसं पाणी, हवा काढून टाकलेली. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन परत पाणी होते, ते आतल्या जाळीतून पुन्हा गरम टोकाकडे येतं, पंप नाही, वीज नाही. अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मधे ती करून दाखवली. बाबांना समजावायला बसलो तर दोन मिनिटात म्हणाले, "अरे हा तर कूलरच आहे, फक्त पाणी बाहेर जाऊन नाही राहिलं." थंड टोक आता पाठीमागे, चाकांच्या वर, जाळीच्या आत, जिथे वारा लागतो. नळी मात्र गरम टोक खाली ठेवूनच बसवतो, उलटी बसवली तर पाणी परत यायला त्रास होतो.

चार्जिंगचं वेगळंच. लिथियम सेल साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि आपल्याकडे मे मधे ४५ तर हवाच असते. उन्हातून आणून लगेच प्लग लावला तर आमचा चार्जर आता पॅक थंड होईपर्यंत थांबतो, नारंगी लाइट लागतो. यावरून फोन भरपूर येतात, "चार्जर बिघडला." बिघडला नाही हो, थांबलाय. तो लाइट समजावून सांगायला आम्ही खुर्चीवर मराठीत स्टिकर लावून राहिलो आता.

काकू परत बाहेर पडतात, भाजी घ्यायला जातात, बीप वाजला की झाडाखाली थांबतात.

ज्यांच्याकडे आमची जुनी खुर्ची आहे, हीट पाइपच्या आधीची, त्यांनी नवतपा लागायची वाट बघू नका, मार्च-एप्रिलमधेच घेऊन या. पेस्ट बदलून देतो, पाइपला पोटरीकडून कव्हर लावून देतो, दोन्हीचे पैसे घेत नाही. आणता येत नसेल तर फोन करा, पोरगं घरी पाठवतो.