गाडी काढायची

मराठीत गाडीची एक गंमत आहे. नवी घेतली तरी 'गाडी काढली' आणि जुनी विकली तरी 'गाडी काढली'. त्यामुळे बेळगावात कुणी 'औंदा गाडी काढूया म्हणतोय' असं म्हणालं, की ऐकणाऱ्याला विचारावं लागतं, दारातली का शोरूममधली? त्यातून दारातली काढून दुसऱ्याच्या दारातली काढायची असेल, म्हणजे आपली जुनी देऊन दुसऱ्याची जरा कमी जुनी घ्यायची असेल, तर हे एकच क्रियापद दोन्हीकडून ओढतं.

हा विचार बहुधा पावसाळा सरता सरता सुरू होतो. चार महिने खड्ड्यांतून गेलेली गाडी पुढच्या डाव्या चाकातून टकटक करायला लागते. मेस्त्री गाडी जॅकवर घेतो, टॉमी म्हणजे लोखंडी दांडा लावून चाक हलवून दाखवतो आणि यादी सांगतो: लोअर आर्मचे बुश गेलेत, लिंक रॉड गेलेत, शॉकअप गळतायत. क्लच आधीच वर आलेला असतो, टायर पार गुळगुळीत झालेले असतात. सगळं मिळून ४५ हजार, असं धरू. गाडी २०१२ ची, लहान, पेट्रोलवरची. बाजारात आज फार तर सव्वा लाख येतील. मग घरात वाक्य फिरायला लागतं, 'सव्वा लाखाच्या गाडीवर पंचेचाळीस हजार घालायचे?'

हिशेब चुकतो तो इथेच. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून काही हाती लागत नाही. तो ताडायचा दुसऱ्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या खर्चाशी. समजा २०१९ ची गाडी साडेचार लाखांना ठरली. आपले सव्वा लाख वजा जाता वर घालायचे सव्वातीन लाख. ते ठेवीत असते तर सात टक्क्यांनी वर्षाला २२,७५० रुपये आले असते. कर्ज काढलं तर याहून जास्तच, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीच्या दरापेक्षा चढा असतो. वर्षभरात गाडीची किंमत उतरणार ४०-४५ हजारांनी. आणि घेतल्या घेतल्या ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, जमलंच तर दोन टायर, यात १५-२० हजार जातातच. विकणाऱ्याने विकायचं ठरल्यापासून गाडीला पैसे लावलेले नसतात, हे गृहीत धरूनच चालावं. बेरीज ८०-९० हजारांच्या घरात जाते, तीही काही बिघडलं नाही तर. ४५ हजारांची दुरुस्ती मात्र दोन-तीन वर्षं पुरते.

एवढ्यावर निकाल लावायचा तर जुनी गाडी कुणी देऊच नये. पण काही गोष्टी दुरुस्तीच्या यादीत बसत नाहीत.

पहिली गोष्ट गंज. आपल्याकडची तांबडी माती दिसायला साधी, पण चाकावरच्या पोकळीत चिकटून बसली की ओल धरून ठेवते. खानापूरकडच्या पावसात ती महिनोन् महिने वाळत नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आत भोक पडलेलं असतं. खराट्याची एक काडी वर्षातून दोनदा त्या भोकांतून फिरवली तर हे होत नाही. दाराचा, डिकीचा गंज पत्रेवाला काढून देतो. पण दाराखालचा उंबरा, शॉकअप वर जिथे बोल्टने बसतो ती वाटी, किंवा मागचा अ‍ॅक्सल धरणारी जागा बोटाने दाबल्यावर कुरकुरली, तर त्या गाडीवर रुपया घालू नये. पॅच मारून ती रस्त्यावर येते, पण ठोकर झाली तर जिथे पॅच आहे तिथेच दुमडते.

दुसरी गोष्ट सुरक्षेची, आणि या एका बाबतीत मी दुरुस्तीच्या बाजूचा नाही. एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी सोय, मागाहून बसवता येत नाहीत. एबीएस सगळ्या नव्या कारना २०१९ पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून, शेजारच्या सीटची २०२१ अखेर. म्हणजे २०२२ ची कुठलीही कार घ्या, एवढं तरी असतंच. गाडी टिळकवाडी ते मार्केट आणि रविवारी येळ्ळूर, एवढीच फिरत असेल तर जुनी चालते. दर आठवड्याला चोर्ला घाटातून गोव्याला उतरणाऱ्याने किंवा हायवेने कोल्हापूरला जाणाऱ्याने मात्र ४५ हजार लिंक रॉडवर न घालता त्यात भर घालून गाडी बदलावी.

तिसरी गोष्ट कागदाची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. पंधराव्या वर्षी कारच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५,००० रुपये आहे, उशीर झाला तर दर महिन्याला ५०० जास्त. चौदाव्या वर्षी दुरुस्तीला हात घालण्याआधी हा खर्चही मांडून ठेवावा.

पेट्रोलचीही एक बारीक गोष्ट आहे. चिकोडी-अथणीच्या उसाची मळी आता इथेनॉल होऊन पंपावर येते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे भाग एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत येऊ लागले. आधीच्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील फुगणं, कडक होणं हे प्रकार होऊ शकतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून फार दिवस उभी राहणारी गाडी सकाळी कुरकुरते. नळ्या बदलणं स्वस्त आहे. एवढ्यासाठी गाडी काढायची गरज नाही.

आता दुसरी बाजू, घ्यायची गाडी. सीमेवर ही बाजू जरा खट्याळ आहे. हिंडलगा, सुळगा, बाची करत पुढे गेलं की शिनोळी, आणि तिथे गाडीचा नंबर बदलतो. प्रत्येक घराचे पाव्हणे चंदगड-गडहिंग्लजला, कोल्हापूरला, नाहीतर गोव्यात. साहजिकच पहिली गाडी पाव्हण्यांतूनच सांगून येते. 'दाजी, घरचीच गाडी हाय, डोळे झाकून घ्या.' नेमके तेव्हाच डोळे उघडे ठेवावेत, पण पाव्हण्याच्या गाडीखाली वाकून बघायची सोय नसते. चहा पिऊन झाल्यावर बोनट उघडा म्हणणं जड जातं, आणि भाव पाडून मागितला तर लग्नात तोंड फिरवून बसतात. दलालाची गाडी या दृष्टीने बरी. तो कानडीत 'गाडी चलो ऐत्री', म्हणजे गाडी चांगली आहे, म्हणतो आणि आपण खुशाल खाली झोपून बघावं, त्याला राग येत नाही.

एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, किंवा गोव्याची गाडी स्वस्त दिसते, पण ती इकडे आणल्यावर किंमत पुरी होते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. आधी चलनं भरायची, कर्जाचा बोजा उतरवायचा, मग मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. इकडे आल्यावर नव्या नंबरासाठी फॉर्म २७, मालकी बदलाचे २९ आणि ३०, गाडीची तपासणी, कर्नाटकाचा आजीवन कर आणि शेवटी नवी नंबरपाटी. कर गाडीच्या वयाप्रमाणे उतरतो खरा, पण तो धरतात मूळ किमतीवर, पाव्हण्याला आपण दिलेल्या पैशांवर नव्हे, आणि कर्नाटकाचा कर देशात चढ्यांपैकी आहे. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, त्याचा अर्ज मूळ मालकाकडून सही करून आधीच घ्यावा. एकदा पैसे पोचले की पाव्हणा सहीला सापडत नाही.

गोव्याच्या गाडीत समुद्राची हवा बघायची: खालचे ब्रेक पाइप, सायलेन्सरचे जोड, सस्पेन्शनचे बोल्ट. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाडीत पूर बघायचा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगा-कृष्णेच्या काठी गाड्या बुडाल्या, आपल्याकडे निपाणी-चिकोडीच्या काठालाही. धुऊन, सीट कव्हर घालून, सुगंधाची बाटली टांगून ती गाडी दिसायला झकास असते. सीट बेल्ट मात्र कुणी धूत नाही. तो हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढावा. रोज वापरातला हातभर भाग स्वच्छ असतो, पण रिळावर गुंडाळून राहिलेल्या शेवटच्या वितीत मातकट आडवी रेघ दिसली, बोटाला बारीक गाळ लागला, तर बोलणं तिथेच थांबवायचं. खात्रीसाठी सीट पुढे सरकवून रुळाचे स्क्रू बघावेत, पायपुसण्याखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. बुडालेली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज हळूहळू चढतो आणि वर्ष-दीड वर्षाने आज काच वर जात नाही, उद्या मीटरच मरतो, असं सुरू होतं.

बाकी तपासणी तशी ठरलेली. जाण्याआधी गाडी चालू करू नका म्हणून सांगायचं, गेल्यावर बोनटवर हात ठेवायचा. गरम लागला तर थंड गाडी सुरू होतानाचं काहीतरी आपल्यापासून लपवलं आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतो आणि कूलंट कमी होतं, तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलेलं असतं. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला की काहीजण लगेच गास्केट गेली म्हणतात, पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही तसं होतं. डिपस्टिकचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नये. क्लच बघायला कपिलेश्वर पुलाचा चढ चांगला: तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आवाज वाढतो आणि गाडी तशीच राहते, तर प्लेट संपली. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे टायर एकदा बदललेले आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत असेल, तर मीटर मागे गेला आहे. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, डिझेल गाडी शहरातल्या शहरात फिरवणाऱ्याने घेऊच नये. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर लांबच्या सलग चालीशिवाय साफ होत नाही, तो तुंबतो आणि त्याचं बिल क्लच-टायरच्या बिलाला लाजवतं. हजारभर रुपये देऊन उद्यमबागेतल्या आपल्या मेस्त्रीकडे गाडी रॅम्पवर चढवावी. त्याला कमिशन दलाल देत नसला म्हणजे झालं.

आणि ठरलंच, तर आपली देताना फास्टॅग बंद करायचा आणि विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचं, पत्र घ्यायचं, तो बोनस आपला असतो, गाडीचा नव्हे, आणि तीन वर्षं चालतो. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या, कारण नाव बदलेपर्यंतची चलनं आपल्याच मोबाइलवर येतात. शेवटी उरतो डॅशबोर्डवरचा गणपती. तो दुहेरी टेपने चिकटलेला असतो. ओढला तर प्लास्टिकचा टवका निघतो. केस वाळवायच्या मशीनने दोन मिनिटं गरम करून खालून दोरा फिरवला की अलगद सुटतो. पण बहुतेक वेळा ती वेळच येत नाही, घेणारा चावी खिशात टाकत म्हणतो, 'राहूदे की ओ, देवाला कशाला काढताय?'