आमची वाटचाल: सेतूच्या वाळूपासून रोहित पक्ष्यांपर्यंत

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर ही चारही ठिकाणे सोलापुरातून एका दिवसात जाऊन येण्यासारखी असल्यामुळे आमच्या यात्रा कंपनीची सुरुवात याच फेऱ्यांच्या गाड्यांनी झाली. पुढे जुन्या ग्राहकांनीच काशी-रामेश्वरची मागणी केली आणि आम्ही लांब पल्ल्याच्या यात्रा काढू लागलो.

रामेश्वरला सेतूची वाळू घ्यायची आणि ती प्रयागला गंगेत सोडायची, ही परंपरा आपल्याकडे अनेक घरांत आजही पाळली जाते. या वाळूसाठी धनुष्कोडीला जावे लागते. रामेश्वर ज्या पांबन बेटावर वसले आहे, त्याचे आग्नेयेकडे निमुळते होत गेलेले हे टोक. त्याच्या एका अंगाला पाल्कचा उपसागर आणि दुसऱ्या अंगाला मन्नारचे आखात आहे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात येथील गाव उद्ध्वस्त झाले. अगदी टोकापर्यंतचा पक्का रस्ता २०१७ मध्ये झाला. त्यापूर्वी वाळूतून व्हॅनने धक्के खात जावे लागे, आणि म्हणून वाळू भरून झाली की लगेच परतायचे, अशीच सर्व यात्रा कंपन्यांची पद्धत होती.

ती आम्ही बदलली ती ग्राहकांमुळे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) पाहण्याची सवय असलेले काही निवृत्त शिक्षक एका यात्रेत आमच्याबरोबर होते. कोदंडराम मंदिराच्या रस्त्यालगतच्या उथळ पाण्यात त्यांना रोहितांचा मोठा थवा दिसला, आणि एकदा थांबवलेली बस काही केल्या सुटेना. दर्शनाची वेळ चुकेल म्हणून कुरकुर करणारी मंडळीही शेवटी दुर्बिणीसाठी रांगेत उभी राहिली. पुढच्या हंगामापासून आम्ही धनुष्कोडीसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवली आणि त्यानंतर केवळ पक्षीनिरीक्षणाची स्वतंत्र सहल सुरू केली.

हंगाम ठरवणे मात्र सोपे नव्हते. त्या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा काळ असतो आणि पक्षी पाहण्यास जानेवारी ते मार्च हे महिने उत्तम; परंतु संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा सोडून कोणताही सोलापूरकर गावाबाहेर पडत नाही, आणि पडूही नये. त्यामुळे आमची पहिली तुकडी नेहमी गड्ड्यानंतरच निघते. प्रवासातही अडचणी आल्या. पांबनच्या १९१४ सालच्या जुन्या पुलावरील रेल्वे वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर आम्हाला पुलाच्या अलीकडच्या बाजूलाच उतरून रस्त्याच्या पुलाने बेटावर जावे लागे. एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल सुरू झाल्यावर ही यातायात संपली. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत व्यवहार करणाऱ्या आमच्या माणसांचे तमिळपुढे काही चालत नाही, म्हणून स्थानिक वाटाड्या आम्ही कायमचा जोडून घेतला आहे.

सहलीचा खरा खर्च आणि खरे समाधान दोन्ही स्पॉटिंग स्कोपमध्ये, म्हणजे दूरचे पक्षी जवळून दाखवणाऱ्या मोठ्या दुर्बिणीत, आहे. रोहित मान वाकवून डोके उलटे करतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडांवरील गाळणीत अडकलेले सूक्ष्म जीव तेवढे खातो. त्याच्या चोचीतून पाझरणारे पाणी स्कोपमधून स्पष्ट दिसते. थव्यातील करड्या रंगाचे पक्षी आजारी आहेत का, असे जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतेच. ती अल्पवयीन पिल्ले असतात आणि गुलाबी रंग खाद्यातील रंगद्रव्यांमुळे पुढे चढतो, हे आम्ही तिथेच दाखवून सांगतो. समुद्राच्या बाजूला सँडरलिंग या लहानशा किनारी पक्ष्यांचे छोटे थवे ओसरणाऱ्या लाटेमागे धावत वाळू टोचतात आणि पुढची लाट येताच पाय न भिजवता मागे पळतात. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांतील फरक मात्र पहिल्याच दिवशी कळावा, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

जून २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने धनुष्कोडीचा सुमारे ५२५ हेक्टर भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित केला. आमचा एक नियम त्याआधीपासूनच आहे: उडतानाचे छायाचित्र मिळावे म्हणून थवा उठवायचा नाही आणि ड्रोन आणायचा नाही. यावरून काही आरक्षणे रद्द झाली, तरी नियम तसाच आहे. तुकडी मुद्दाम लहान ठेवत असल्यामुळे दर यात्रेपेक्षा जास्त पडतो, हे आम्ही चौकशीच्या पहिल्या फोनवरच सांगतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कंपनीकडून असते. दुर्बीण ज्याची त्याने आणल्यास उत्तम, नसल्यास आमच्याकडून मिळते.