हिरवं पाणी आणि ६२० वरचा खड्डा

तलाव हिरवा दिसला की आपण शेवाळ झालंय म्हणून मोकळे होतो. त्या दिवसानंतर मला तरी तसं म्हणवत नाही.

आम्ही नागपूरहून रामटेककडच्या एका मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावावर गेलो होतो, पाऊस नुकताच संपला होता. फुटाळा, अंबाझरी या शहरातल्या तलावांवर ड्रोन उडवायचा तर विमानतळ आणि एअरफोर्समुळे परवानग्यांचं लफडं फार, म्हणून हा तलाव. ड्रोनखाली हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा. मोबाईलचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा एवढंच बघतो, हा ४०० ते १००० नॅनोमीटरमधला उजेड शेकडो बारीक पट्ट्यांत मोजतो, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलचा वेगळा आलेख मिळतो. उड्डाण सकाळीच उरकायचं, ऊन डोक्यावर आलं की पाण्याच्या चकाकीने डेटा कामातून जातो.

लॅपटॉपवर आलेख उघडले. घाटाजवळचं पाणी आणि पलीकडच्या कोपऱ्यातलं पाणी, डोळ्याला दोन्ही सारखंच हिरवं. दोन्हीकडे ६७५ नॅनोमीटरच्या आसपास खड्डा (म्हणजे तिथला उजेड शोषला गेलाय) आणि ७०० च्या पुढे उंचवटा, म्हणजे क्लोरोफिल आहेच, पण कोपऱ्यातल्या आलेखात ६२० लाही चांगलाच खड्डा होता. तो फायकोसायनिन या निळसर रंगद्रव्याचा. म्हणजे नीलहरित शेवाळ, जे खरं तर बॅक्टेरिया असतात.

लगेच डोंगा काढायला सांगितला. डोंगेवाले काका म्हणाले, "तिकडं काहून जाता ताई? तिकडं तर पहाटे मासे तोंडं वर काढून रायतेत." माझ्या अंगावर काटाच आला, कारण रात्रभर हे शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो, काकांनी ते कधीचं पाहिलेलं होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तिथं पाण्यावर हिरव्या ऑइलपेंटसारखा थर होता. काचेच्या बाटलीत थोडं भरून ठेवलं तर हिरवे कण खाली न बसता वर तरंगून आले, त्या पेशींमध्ये हवेचे कप्पे असतात म्हणून. बाकीचं काळ्या बाटल्यांत, बर्फात.

संध्याकाळी नागपूरला लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, मायक्रोसिस्टिस, नीलहरित शेवाळाचाच एक प्रकार. यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताचं विष करतात, पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, आणि पाणी उकळून ते जात नाही. कॅमेऱ्याला विष दिसत नाही हं, फक्त रंगद्रव्य दिसतं, विषासाठी वेगळी टेस्ट करावीच लागते, ती लगेच लावली. पण आजवर सॅम्पल घेतलं जायचं ते घाटावरूनच, तिथं पोचणं सोपं म्हणून, आणि गावातली गुरं पाणी प्यायची नेमकी त्या कोपऱ्यात. हे मला फार लागलं.

टेस्टचा रिपोर्ट यायची वाट न बघता रात्रीच सरपंचांना फोन केला. दुसऱ्या दिवसापासून गुरं घाटाच्या बाजूला वळवली, आणि आता पुढचं उड्डाण गावचं सांडपाणी त्या कोपऱ्यात कुठून उतरतं ते शोधायला करतोय.