गार्डन ट्रॅक्टर जास्त, जागा कमी

जुन्या गार्डन ट्रॅक्टरांचा, म्हणजे बागेतलं गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरांचा, संग्रह वाढत राहतो, शेडच्या भिंती मात्र तिथल्या तिथे असतात. पहिले चार-पाच ट्रॅक्टर कसेही उभे केले तरी चालतं. आठवा-नववा आला की मागचा एक बाहेर काढायला पुढचे चार हलवावे लागतात. मग कंटाळून कुणी हलवत नाही, आणि भिंतीकडचे ट्रॅक्टर उभ्या जागी गंजतात. खरी जागा ट्रॅक्टर खात नाहीत. ती खाते त्यांच्यापर्यंत पोचायची वाट आणि त्यांच्यासोबत आलेली अवजारं. त्यामुळे कुठला ट्रॅक्टर कुठे, हे त्याच्या आकारावर ठरवू नये, तो किती वेळा बाहेर निघतो यावर ठरवावं.

आधी तीन गट पाडा. महिन्यातून एकदा तरी चालू होणारे दाराजवळ, जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर. ज्यांचं काम चालू आहे ते डॉलीवर (चाकं लावलेल्या बुटक्या चौकटीवर), म्हणजे कुठेही सरकवता येतील. आणि वर्ष-दोन वर्षं ज्यांना हात लागणार नाही ते रॅकवर किंवा अगदी मागे. या तिसऱ्या गटात आपण मानतो त्यापेक्षा नेहमीच जास्त ट्रॅक्टर निघतात. सुट्या भागांसाठी घेतलेला ट्रॅक्टर अखंड का ठेवायचा, हा प्रश्नही इथेच विचारून टाकावा. इंजिन, ट्रान्समिशन, पुढचा अॅक्सल आणि पत्र्याचे भाग वेगळे केले की उरलेली चॅसी भिंतीला उभी टेकते.

आता मापं. जुन्या धाटणीचा गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे १९६१ साली आलेली कब कॅडेट, १९६३ सालचा जॉन डिअर ११० किंवा त्यांच्या नंतरची भावंडं, ढोबळमानाने १७० ते १८५ सेंमी लांब आणि डेक (पोटाखालचं गवत कापायचं अवजार) काढल्यावर मागच्या टायरपाशी ९० ते १०० सेंमी रुंद भरतो. स्टेअरिंगपर्यंतची उंची १०५ ते ११५ सेंमी, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११०-१२० च्या आसपास, वजन २५० ते ४०० किलो. प्रत्येक ट्रॅक्टर स्वतः मोजा. विशेषतः पुढच्या टायरची बाहेरून बाहेर रुंदी घ्या, कारण पुढे तिचाच उपयोग करायचा आहे.

उदाहरणाला ६ मीटर रुंद, ९ मीटर लांब खोली घेऊ. दार ६ मीटरच्या भिंतीत. मधोमध लांबीच्या दिशेने वाट आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर आडवे. १.८ अधिक १.८, म्हणजे वाटेला २.४ मीटर उरतात. भिंतीपासून दहा-दहा सेंमी सोडले तरी २.२ आहेत. १.८ बाय १.०५ मीटरचा ट्रॅक्टर जागेवर गोल फिरवायचा तर त्याचा कर्ण २.०८ मीटर येतो. म्हणजे डॉलीवर असेल तर २.२ मीटरच्या वाटेत तो फिरतो, जेमतेम. चालवत न्यायचा तर मात्र मागे-पुढे करत चार-पाच फेऱ्या लागतात.

डेक बसवलेले असताना एका ट्रॅक्टरला १.२ मीटर धरले तर ९ मीटरच्या भिंतीला सात बसतात, दोन बाजूंचे चौदा. डेक काढले की १.०५ मीटरमध्ये काम भागतं: आठ आणि आठ, सोळा. आता एक ट्रॅक्टर नाक भिंतीकडे, शेजारचा शेपूट भिंतीकडे असे उलटसुलट लावा. मागे ९५ सेंमी असलेला ट्रॅक्टर पुढच्या चाकांपाशी ७५-८० च भरतो, त्यामुळे एकाच्या रुंद बाजूला दुसऱ्याची अरुंद बाजू येते आणि सरासरी ९० सेंमीत एक बसतो. हिशोबाने एका भिंतीला दहा बसतात, पण नऊच लावा. दहाव्याची जागा मोकळी राहिली तरच मधला ट्रॅक्टर बाहेर काढताना शेजाऱ्याला बाजूला सारता येतं. ठासून भरलेल्या शेडमध्ये दोन ट्रॅक्टर जास्त बसतात हे खरं, पण मग शेड उरत नाही, गोदाम होतं.

हे कागदावर करून पाहायला फार तर अर्धा तास लागतो. १:२० प्रमाणात आलेखाच्या कागदावर खोली काढायची, पुठ्ठ्याचे तुकडे कापायचे. तुकडे आयताकृती कापू नका. पुढून निमुळते कापा, नाहीतर उलटसुलट मांडणीचा फायदा दिसणारच नाही. दाराची पानं आत उघडत असतील तर तो पाव वर्तुळाचा भागही रंगवून ठेवा. हा नेमका विसरला जातो.

काही मॉडेलांत मागची रिम उलटी बसवता येते. खोलगट बाजू आत-बाहेर झाली की मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) बराच अरुंद होतो. कायम चालवायच्या ट्रॅक्टरला हे करू नये, उतारावर तोल जातो. पडून राहणाऱ्याला हरकत नाही, फक्त टायर फेंडरला किंवा ब्रेकच्या दांड्याला घासत नाही ना, ते हाताने चाक फिरवून पाहा.

डॉलीवर खर्च करताना कंजुषी नको. चार कॅस्टर (डॉलीची चाकं) आहेत म्हणून वजनाला चारने भागणारे चुकतात. फरशी कधीच सपाट नसते आणि कुठल्याही क्षणी भार तीनच चाकांवर असू शकतो. ट्रॅक्टर ३५० किलो, डॉली ३०, एकूण ३८०. तीनने भागले की १२७. म्हणजे प्रत्येकी किमान १५० किलोचे कॅस्टर. चारही फिरते, त्यातले दोन ब्रेकवाले. चाकाचा व्यास १०० मिमीपेक्षा कमी नको, १२५ उत्तम. छोटं चाक काँक्रीटच्या सांध्यात अडकतं, डॉली जागच्या जागी थांबते आणि वरचा ट्रॅक्टर पुढे जातो. चौकट लोखंडी चॅनलची आणि चाकांच्या मधे खाली टांगलेली करा, म्हणजे ट्रॅक्टर जमिनीपासून सात-आठ सेंमीच उचलला जाईल आणि लहानशा उतरंडीवरून ढकलत चढवता येईल. टायरच्या पुढे-मागे अडणी वेल्ड करून घ्या. हँडब्रेकवर विसंबू नका; जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

ढकलण्यावरून आठवलं. गिअरचा ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाकला की सरकतो. हायड्रोस्टॅटिकचा, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, सरकत नाही, कारण चाकं फिरली की आतला पंप आणि मोटर यांच्यात तेल कोंडतं. बायपासचा (तेलाला मोकळी वाट देणारा) दांडा किंवा झडप असेल तर ती उघडूनच ढकला, आणि चालवण्याआधी बंद करायला विसरू नका. झडप नसेल तर मागची चाकं फिरवूच नयेत, चाकाखाली स्केट (चाकांची छोटी पाटी) घालून सरकवावा.

उंचीचा वापर करायचा तर पॅलेट रॅक, म्हणजे गोदामात असतो तसा उभे खांब आणि आडव्या बीमचा लोखंडी सांगाडा. इथे चुका महागात पडतात. बीमवर लिहिलेली क्षमता ही बीमच्या जोडीची असते, आणि ती भार सगळीकडे सारखा पसरलेला आहे असं धरून काढलेली असते. ट्रॅक्टरचा भार चार ठिपक्यांवर येतो. तेवढंच वजन एका बिंदूवर, बीमच्या मध्यभागी आलं, तर बीम वाकवणारा जोर दुप्पट होतो. शिवाय ट्रॅक्टरचं साठ-पासष्ट टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. २.४ मीटरच्या बीमवर साडेतीनशे किलोचे दोन ट्रॅक्टर एकाच दिशेने ठेवले तर एका बीमवर साधारण ४५० किलो आणि दुसऱ्यावर २५० येतात. जोडीची क्षमता ७०० किलो असून इथे भागत नाही. जास्त भार येणाऱ्या बीमचा आकडा दुप्पट करून ९०० धरा, वर ठिपक्यांच्या भारासाठी आणखी वाढवा. मी दीड टनाच्या खालची जोडी या कामाला घेऊ नका म्हणेन.

रॅकच्या चौकटीची खोलीही पाहून घ्या. १०७ सेंमी खोलीची चौकट सर्रास मिळते, पण ११५ सेंमी अंतराची चाकं तिच्या दोन्ही बीमवर एकदम येतच नाहीत. १२० ची घ्या, किंवा प्रत्येक ट्रॅक्टरखाली ३० सेंमी रुंद, ५ सेंमी जाड अशा दोन फळ्या चाकांच्या ओळीत टाकून त्या आडव्या पट्ट्यांनी जोडा. ही चौकट बीमला खालून अडकेल असे ठोकळे मारा. बीमच्या टोकाच्या लॉक पिना लावा आणि खांबांचे पाय अँकर बोल्टने फरशीत बसवा. रिकाम्या रॅकला याची गरज वाटत नाही. खालून उचलयंत्राचा फोर्क (पुढचा काटा) लागून बीम उचलला गेला की कळतं.

३ मीटर उंचीच्या छताखाली दोनच मजले होतात. बीमचा वरचा काठ १.४ मीटरवर, म्हणजे खालच्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला उचलायला-सरकवायला जागा राहते आणि वरचा २.५ मीटरपर्यंत जातो. उभा सायलेन्सर असेल तर तो काढून सीटवर बांधा.

वर चढवायला हाताने ढकलायचा स्टॅकर (फोर्कवर माल वर उचलणारं यंत्र) सोयीचा, पण त्याच्या पाटीवरची क्षमता फोर्कच्या मुळापासून ६० सेंमीवरच्या तोलाची असते. ट्रॅक्टर शेपटीकडून उचलला तर तोल ८० सेंमीच्या आसपास येतो, नाकाकडून उचलला तर मीटरभर दूर. ५०० किलोचा स्टॅकर म्हणूनच पुरत नाही. एक टनाचा घ्या, आणि जड बाजू नेहमी मास्टकडे (स्टॅकरच्या उभ्या खांबाकडे). रॅकवर उलटसुलट मांडणी सोडून सगळ्या शेपट्या वाटेकडे ठेवायच्या त्या याचसाठी. २.२ मीटरच्या वाटेत स्टॅकर लांबीसकट वळत नाही. समोरच्या रांगेतल्या दोन-तीन डॉल्या बाहेर काढाव्या लागतात. वर ठेवलेला ट्रॅक्टर वर्षातून एकदाच उतरवायचा असेल तर एवढी उठाठेव चालते.

घडीची इंजिन क्रेन दोन टनांची म्हणून मिळते, पण बाहू पूर्ण लांबवला की ती अर्ध्या टनावर येते. पट्टे चॅसीच्या पट्ट्यांना आणि मागे ट्रान्समिशनच्या खाली लावा, बॉनेटला किंवा पायफळीला नाही. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे त्याला धरून उचललं तर ट्रॅक्टर एका कुशीवर कलंडतो. टायरमध्ये पाणी किंवा कॅल्शियम क्लोराइड भरलं असेल, चाकांना बिडाची वजनं असतील, तर ती उचलण्याआधी काढा. २३×१०.५०-१२ च्या एका टायरमध्येच पंचवीसेक लिटर पाणी मावतं.

काही जण ट्रॅक्टर शेपटीवर उभा करतात. जमीन चाळीस टक्क्यांच्या आसपास वाचते. पण तेल, पेट्रोल, बॅटरी, हायड्रोचं तेल, सगळं आधी काढावं लागतं, आणि थोडं जरी तेल राहिलं तरी ते वाहत सिलिंडरमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये जातं. तसाच स्टार्ट केला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हे फक्त इंजिन काढलेल्या ट्रॅक्टरांना करावं, मागच्या हिचच्या (अवजार जोडायच्या) प्लेटला बोल्टने लोखंडी पाया लावून आणि वरून भिंतीला पट्ट्याने बांधून.

अवजारांचं काय? ४८ इंची डेक पन्नास-साठ किलोचा असतो आणि जमिनीवर ठेवला की एका ट्रॅक्टरएवढीच रुंदी अडवतो. पाती काढून तो भिंतीला उभा टांगा. आकडे विटेच्या सांध्यात नको, अँकरने विटेत किंवा काँक्रीटमध्ये. गिअरबॉक्सच्या श्वासाचं भोक वरच्या बाजूला येईल असं पाहा, नाहीतर महिन्याभरात भिंतीवर तेलाचा ओघळ दिसतो. पिना, दांडे, पट्ट्याची कप्पी हे सगळं पिशवीत घालून त्याच अवजाराला तारेने बांधा आणि मॉडेलचं नाव लिहा. वेगळ्या डब्यात ठेवलेली पिन पुन्हा त्याच अवजाराला मिळेल याचा भरवसा नाही.

वर किंवा मागे जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरचं पेट्रोल टाकीतून आणि कार्बोरेटरच्या वाटीतूनही काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवर पसरते. त्यामुळे त्याच खोलीत गॅसचा गीझर किंवा हीटर नको. डिझेलची टाकी मात्र भरून ठेवा, रिकाम्या टाकीत पाणी साकळतं. इंजिन ऑइल जुनं असेल तर आताच बदला, त्यातली आम्लं बेअरिंग खातात. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, हाताने चार-पाच फेरे फिरवा आणि पिस्टन दाबाच्या फेरीत वरच्या टोकाला आणून थांबवा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत जात नाही. कोहलरच्या के मालिकेसारख्या इंजिनात स्टार्ट सोपा व्हावा म्हणून दाब मुद्दाम थोडा सोडलेला असतो, त्यामुळे हाताला अडकणं उशिरा जाणवतं. फ्लायव्हीलवरची खूण पाहा.

बॅटऱ्या काढून एकाच फळीवर, नावाच्या चिठ्ठ्यांसकट ठेवा. भरलेली शिसे-आम्ल बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, १२.४ ला आली की चार्ज करा. काँक्रीटवर ठेवल्याने बॅटरी उतरते हे जुन्या रबरी खोक्यांचं, आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरक पडत नाही.

प्लास्टिकची ताडपत्री कधीच टाकू नका, खाली दव धरतं. सुती चादर चालते. फरशी ओल ओढत असेल तर चाकांखाली जाड पॉलिथिन अंथरा आणि खोलीतली आर्द्रता पन्नास-साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. आणि उंदीर: फ्लायव्हीलच्या पंख्याचं झाकण ही त्यांची आवडती जागा. तिथे घरटं झालं की हवा अडते आणि इंजिन पहिल्याच तासात तापून बसतं. झाकणाच्या जाळीवर आणि सायलेन्सरच्या तोंडाला ६ मिमीची लोखंडी जाळी बसवा, आणि स्टेअरिंगला लाल चिठ्ठी बांधा: जाळी काढा, ऑइल बघा, बायपास बंद करा.