आमची वाटचाल : आधी नख, मग मशिन

पहिली पाच वर्षं आमच्या लॅबला एकच आवाज माहीत होता, बेसॉल्टचा. भोसरीच्या शेडमध्ये सेकंडहँड सीटीएमवर, म्हणजे दाब देऊन दगड फोडणाऱ्या मशिनवर, कोअर (बोअरमधून काढलेला दगडाचा गोल दांडा) चढवायची, काटा सावकाश वर जायचा, आणि मग फटाका फुटावा तसा ‘फाड्’ आवाज होऊन तुकडे जाळीवर आदळायचे. शेजारच्या प्रेस-शॉपमधली पोरं सुरुवातीला धावत यायची. नंतर मान वर करेनाशी झाली.

२००४ साली मी नोकरी सोडली. मेहुण्यानं भांडवलात निम्मा वाटा घातला आणि आम्ही खडकाची ताकद तपासून द्यायचा धंदा सुरू केला. दगड फोडायला इंजिनिअर कशाला व्हायला हवं होतं, असं आई म्हणायची. पुलांचे पाये, धरणांची कामं, खडी क्रशर अशी कामं मिळत गेली. दगड ओळखीचा होता. काळा पाषाण कुठला आणि मांजऱ्या कुठला हे आपल्याकडे विहीर खणणाऱ्यालाही कळतं, आम्हाला फक्त त्यापुढे आकडा लिहायचा असे. त्या दिवसांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. पगार वेळेवर होत होते, एवढं खरं.

२००९च्या उन्हाळ्यात क्रशर बनवणाऱ्या एका कंपनीनं ओमानच्या धोफार भागातल्या जिप्समच्या कोअर पाठवल्या. सलालाह बंदरातून हे जिप्सम जहाजानं भारतात येतं. सिमेंट कारखान्यात क्लिंकरबरोबर, म्हणजे भट्टीतून निघालेल्या सिमेंटच्या गोट्यांबरोबर, थोडं जिप्सम दळावं लागतं, नाहीतर पाणी पडताच सिमेंट आवळतं. खाणीवर कोणता क्रशर बसवायचा हे ठरवण्यासाठी त्यांना दगडाची दाबाखालची ताकद हवी होती. “आकडा एकच द्या, रिपोर्ट लांबवू नका,” एवढीच सूचना.

नेहमीप्रमाणे आम्ही कोअर कापल्या, टोकं घासली आणि रात्रभर १०५ अंशावर ओव्हनमध्ये वाळवल्या. सकाळी मामांनी ट्रे बाहेर काढला. (मामा म्हणजे आमचे कोअर कापणारे. पहिल्या दिवसापासून आहेत आणि सगळ्यांचेच मामा आहेत.) कोअर आदल्या दिवशी किंचित पारदर्शक, खडीसाखरेसारख्या दिसत होत्या, आता खडूसारख्या मेलेल्या पांढऱ्या झाल्या होत्या. हात लावला की बोटाला पीठ लागायचं. वजन साडेचौदा टक्क्यांनी उतरलं होतं. वाळवंटातल्या दगडात एवढा ओलावा कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. कोअर मशिनवर चढवल्या, त्या आवाज न करता बसल्या, आणि मी ९ मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला ९ न्यूटन दाब) असा आकडा लिहून रिपोर्ट पाठवून दिला.

रविवारी वाईला सासुरवाडीला गेलो होतो. सासरे वैद्य. जेवताना मी ही गंमत म्हणून सांगितली, तर त्यांचा हात ताटातच थांबला. “जावईबापू, तुम्ही गोदंतीला पुट दिलंत की हो!” गोदंती म्हणजे जिप्समच. आयुर्वेदात ती भाजून भस्म करतात, कारण उष्णतेनं तिच्यातलं पाणी जातं आणि ती ठिसूळ, पांढरी होते. हे पाणी भिजलेल्या फडक्यातल्या पाण्यासारखं नसतं, ते स्फटिकाच्या बांधणीतच बसलेलं असतं. शुद्ध जिप्सममध्ये वजनाच्या जवळजवळ २१ टक्के ते असतं. त्यातलं तीन चतुर्थांश गेलं की उरतं ते अर्ध-जलयुक्त कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच पेणच्या गणपतींचं प्लास्टर ऑफ पॅरिस. थोडक्यात, मी दगड नाही, दगडाचं भस्म फोडलं होतं. आणि मातीतला ओलावा मोजायच्या आपल्या मानकात, आयएस २७२०च्या दुसऱ्या भागात, जिप्सम असलेल्या मातीसाठी ओव्हन ६० ते ८० अंशावर ठेवा असं लिहिलेलंच आहे. कॉलेजात असताना मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती.

सोमवारी कंपनीला फोन करून सगळं सांगितलं. बिल अडकलं, शिव्या खाल्ल्या आणि नव्या कोअर मागवून फुकटात पुन्हा चाचण्या करायचं कबूल केलं. मेहुण्यानं आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

दुसऱ्या खेपेला ओव्हन ४० अंशावर. पाण्यानं टोकं झिजतात म्हणून कटिंगही जवळजवळ कोरडं. तरी आकडे जुळेनात. एकाच बोअरहोलमधली एक कोअर ३० मेगापास्कलला फुटली, तिच्याखालची १२ला, आणि त्याखालची ८५ला! मला वाटलं मशिनच बिघडलं. तसा मशिनचाही थोडा दोष होता. दोनशे टनांच्या मशिनवर ५४ मिलिमीटरची जिप्समची कोअर म्हणजे लाकडाच्या वखारीच्या काट्यावर सोनं तोलणं. २७ किलोन्यूटनला फुटणाऱ्या दगडासाठी काटा जागचा हलतो न हलतो. पुढे कर्ज काढून तीस टनांची लहान फ्रेम घेतली, ती यासाठीच. पण १२ आणि ८५मधलं अंतर काही काट्यामुळे पडलेलं नव्हतं.

उत्तर मामांनी शोधलं. फुटलेले तुकडे भरता भरता ते सहज नख मारून बघत होते. “साहेब, ह्यावर ओरखडा उठतो, ह्यावर नाही उठत. आणि हा निळसर तुकडा हाताला जड लागतोय.” वजन केलं. पांढऱ्याची घनता २.३, निळसर-करड्याची २.९. म्हणजे तिथं जिप्सम नव्हतंच, अ‍ॅनहायड्राइट होतं, तेच कॅल्शियम सल्फेट पण बिनपाण्याचं. त्याचा काठिण्यांक, म्हणजे ओरखड्याला दाद न देण्याचं माप, ३ ते साडेतीन, जिप्समचा २. नख या दोघांच्या मधे बसतं.

मग पुण्यातल्या एका कॉलेजच्या भूशास्त्राच्या सरांकडे पातळ काप पाठवले. चिकटवताना काप गरम करू नका, एवढं आता कळलं होतं. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. ध्रुवित प्रकाशात जिप्सम राखाडी-पांढरं, ढगाळलेल्या आकाशासारखं दिसतं. त्यात मधेमधे अ‍ॅनहायड्राइटचे कण पैठणीच्या काठासारखे गुलाबी, हिरवे, निळे चमकत होते. ३० मेगापास्कलच्या कोअरमध्ये तसे कण थोडेच होते. ती टिकली होती ती बारीक दाण्यांमुळे. दाणे वेडेवाकडे, एकमेकांच्या बगलेत घुसलेले. तड जायची म्हटली तर तिला प्रत्येक दाण्याला वळसा घालावा लागतो. संगमरवरासारखं कोरीव काम ज्यात करतात ते अलाबास्टर याच जातीचं.

१२ मेगापास्कलची कोअर रसायनाच्या दृष्टीनं त्या सगळ्यांत शुद्ध होती! तिच्यात जिप्समचेच बोटाएवढाले काचेसारखे स्फटिक होते, सेलेनाइट म्हणतात ते. नखानं टोकरलं तर अभ्रकासारखे पापुद्रे सुटायचे, कारण जिप्समच्या स्फटिकाला एका दिशेनं अगदी सहज फाटण्याची खोड असते. स्फटिक लहान असले तर ही खोड दाण्याच्या हद्दीतच राहते. मोठे असले की फट सरळ आरपार जाते. त्यातून हे पापुद्रे दाबाला तिरके बसले असतील तर ते एकमेकांवरून सरकतात आणि कोअर फुटायच्या आधी घसरते. खाली तासलेल्या पेन्सिलीसारखं तिरकं टोक उरतं. ते दिसलं की आता मी आकड्याआधी कोन मोजतो.

ताकद खाणाऱ्या आणखी दोन गोष्टी आम्हाला पुढच्या कामांत भेटल्या. एक म्हणजे मातीचे पट्टे. कागदाएवढी पातळ चिकणमातीची रेघ असली तरी कोअर तिथंच दगा देते, मग बाकीचा दगड कितीही घट्ट असो. दुसरी पाणी. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. ऐकायला हे फार वाटत नाही, पण दाण्यांच्या सांध्यात ओल शिरली की सांधेच ढिले पडतात. एका कामात जोडीच्या दोन कोअरमधली एक भिजवून फोडली, तर ती कोरडीच्या निम्म्यावर आली. तेव्हापासून रिपोर्टमध्ये नमुन्याचा ओलावा लिहिल्याशिवाय आम्ही सही करत नाही.

आणि अ‍ॅनहायड्राइट मजबूत म्हणून खूश होणाऱ्या ग्राहकाला मी जर्मनीतल्या स्टाउफेन गावाची गोष्ट सांगतो. २००७ साली तिथं भूऔष्णिक ऊर्जेसाठी बोअर घेतल्या, खालच्या अ‍ॅनहायड्राइटच्या थरात पाणी शिरलं, त्याचं जिप्सम होऊ लागलं आणि थर फुगला. या बदलात घनफळ साठेक टक्क्यांनी वाढतं. गाव वर उचललं गेलं, जुन्या घरांच्या भिंती तडकल्या.

क्रशरवाल्यांना शेवटी आम्ही तीन प्रकार, तीन आकडे आणि बोअरहोलमध्ये कोणता किती खोलीवर आहे त्याचा तक्ता दिला. “आम्ही एक आकडा मागितला होता,” असं म्हणत त्यांनी निम्मंच बिल दिलं आणि पुन्हा काम दिलं नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण १२, ३० आणि ८५ची सरासरी काढली तर जो आकडा येतो, त्या ताकदीचा दगड त्या पेटीत एकही नव्हता. त्याच तक्त्याची प्रत पुढे मस्कतमधल्या एका मराठी इंजिनिअरच्या हाती पडली आणि तिथून कामं येऊ लागली. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात जिप्समचा खडक कुठला सापडायला! राजस्थानात ते भरपूर आहे, पण बरंचसं मातकट भुकटीसारखं, त्याची कोअर काय काढणार. तरी आज आमच्या कामाचा चौथा हिस्सा जिप्समचा आहे.

मामा मागच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी लातूरची एक भूशास्त्राची मुलगी आली आहे. निघायच्या दिवशी मामांनी तिला सगळी मशिनं दाखवली आणि शेवटी तिच्या नेलपॉलिश लावलेल्या नखांकडे बघून म्हणाले, “बाळ, एक बोट मोकळं ठेव.” तिच्या उजव्या हाताची तर्जनी तेव्हापासून बिनरंगाची असते.