लिबेरोची प्रशिक्षक झाले तेव्हा

सांगलीत महाविद्यालयात शिकताना मी व्हॉलीबॉल संघाची लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणारी खेळाडू, होते. माझी उंची पाच फूट एक इंच आणि महिलांचे नेट २.२४ मीटरवर, त्यामुळे संघात टिकायचे तर माझ्यासाठी हीच एक जागा होती. १९९८ च्या सुमारास खेळात आलेल्या या खेळाडूचा शर्ट इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. तिला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉकला, म्हणजे नेटजवळ उडी मारून हातांनी समोरचा स्मॅश अडवायला, जाता येत नाही आणि नेटपेक्षा वर असलेला चेंडू पलीकडे मारताही येत नाही. मागे राहून सर्व्हिस आणि स्मॅश उचलायचे व स्मॅशसाठी चेंडू उंचावून देणाऱ्या सेटरपर्यंत तो नीट पोचवायचा, एवढेच तिचे काम. शिवाजी विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळेपर्यंत मला त्यात काही उणे वाटले नव्हते.

पदवीनंतर मी पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचे ठरवले. दमछाक झाली ती कागदांपायी. माझ्या सहभाग प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव चुकीचे छापले होते आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी एका कार्यालयात मी पाच खेटे घातले. वैद्यकीय दाखला मात्र अर्ध्या तासात मिळाला.

संस्था जुन्या मोतीबाग राजवाड्यात आहे. पण उन्हाळ्यात तिथे गेलेल्या माणसाला राजवाड्यापेक्षा ऊनच जास्त आठवते. शरीरक्रियाशास्त्राचे तास मला जड गेले नाहीत. जड गेला तो प्रत्यक्ष शिकवण्याचा पाठ, कारण माझ्या वाट्याला नेमका ब्लॉक आला. इतकी वर्षे मी ब्लॉक पाठीमागून पाहिला होता. कोणाच्या हातांमधून चेंडू सुटणार हे मला आधीच कळायचे, परंतु ते हात तसे का पडतात हे सांगता येत नव्हते. तिथे समजले की ब्लॉकरने चेंडूवरच नजर खिळवून ठेवायची नसते: आधी पास पाहायचा, मग सेटर, मग चेंडूची दिशा आणि शेवटी स्मॅशरची धाव व खांदा, आणि सेटरने दिलेला चेंडू उंच असेल तर स्मॅशरच्या उडीनंतर क्षणभर थांबून उडी घ्यायची. खेळाडू म्हणून जे अंगवळणी पडलेले असते, ते शब्दांत मांडताना आपल्याला त्यातले किती थोडे ठाऊक होते हे उघडे पडते.

परतल्यावर एका शाळेत तुटपुंज्या मानधनावर काम मिळाले. मैदान मुरमाचे, त्यामुळे डाइव्ह, म्हणजे चेंडूसाठी जमिनीवर झेपावणे, शिकवणे मी पुढे ढकलले. गावाकडून आलेल्या काही मुली घरी भावांबरोबर शूटिंगचा, म्हणजे जुळवलेल्या मुठींनी चेंडू मारायचा व्हॉलीबॉलसारखा खेळ खेळलेल्या असल्याने चेंडू दिसला की त्यांचे हात आपोआप मुठीत जुळत. मूठ सोडवण्यासाठी मी महिनाभर त्यांना चेंडू कपाळासमोर दोन्ही पंजांत झेलून धरायला लावले; त्यांना ते पोरखेळ वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही कंटाळा आला. त्या वर्षी तालुका स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो.

नंतरच्या उन्हाळ्यात ब्लॉक घेतला. तेव्हा माझ्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, तुम्ही करून दाखवा ना." मी वर्गातला बाक नेटजवळ ओढून घेतला, त्यावर उभी राहिले, हात नेटपलीकडे घातले आणि तिलाच स्मॅश मारायला सांगितले. पहिला चेंडू माझ्या दोन हातांमधूनच गेला.