आठ बोलावले, दोन आले

आज संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर चहाला बसलो. आलेल्या दोघांपैकी एक सारखा इकडेतिकडे पाहत होता, जणू आम्ही तिथेच कपडे काढणार! अरे बाप्पा, चहाच प्यायला बोलावलं होतं.

निसर्गवादी, म्हणजे कपड्यांशिवाय मोकळं राहणाऱ्यांचा, गट काढायचं माझं वेड जुनं. काटोल रोडकडे कुंपणाचं शेत, विहीर, आंब्याची सावली, मोबाईल फाटकावरच जमा. उघड्यावर केलं तर भारतीय न्याय संहितेचं सार्वजनिक अश्लीलतेचं कलम 296 आहेच, म्हणून जागा खासगीच हवी.

"काहून शिव्या खातो बे लोकांच्या?" मित्र म्हणाला. त्याला संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे सांगितले. 1927 ते 1953, मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, नग्नतेवर लिहिलं, खटले झेलले. आणि 1891 च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या एका इंग्रज न्यायाधीशानं असाच संघ काढला, तेव्हा सभासद तीन. आम्हीही तीनच!

"बायांचं काय?" दुसऱ्यानं विचारलं, अन् गाडी तिथंच अडली. नुसत्या पुरुषांचा गट मला नको. बायांना सुरक्षित वाटेल असे नियम आधी हवेत. रात्री लिहायला बसलो, दोनच सुचले.

बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आधी शेतात डास किती ते पाहून या."